सरहद्दीपलीकडचे घरमालक

गोंदियाला शहराचे रूप आले ते रेल्वेमुळे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावर येथे जंक्शन झाले, तांदूळ आणि विडी यांचा व्यापार बहरला, आणि हा सारा मुलूख एकाच मध्यप्रांताचा असल्याने बालाघाटच्या पेढीवाल्याचे गोंदियात घर असणे कोणास नवल वाटत नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा, ज्यात गोंदिया तेव्हा मोडत असे, मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. दोन जिल्ह्यांची शीव असलेली वाघ नदी दोन राज्यांची सरहद्द झाली, आणि असा पेढीवाला आपल्या ओसरीवरून न हलता परराज्यातील घरमालक ठरला.

कायदा मात्र तोच राहिला. नागपूर राजधानी असताना निघालेला १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भात पुढे ४० वर्षांहून अधिक काळ अमलात होता. मध्य प्रदेशाने १९६१ मध्ये आपला निराळा अधिनियम केला. विदर्भातील १९४९ च्या आदेशाच्या कलम १३ नुसार भाडे नियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. स्वतःच्या वापराची सबब सांगावयाची, तर त्याच शहरात आपण आपल्या दुसऱ्या घरात राहत नाही, हे दाखवावे लागे. आदेशाचे तिसरे प्रकरण ज्या क्षेत्रास लागू होई, तेथे घर रिकामे होणार असे कळताच सात दिवसांत सरकारी अधिकाऱ्यास वर्दी देणे मालकावर बंधनकारक होते, आणि अधिकारी ते घर सरकारी नोकरास देवविण्याचा हुकूम करू शके. दूरच्या मालकाचा व्यवहार मुनिमाच्या हाती असे, पण मुदत कोणासाठी थांबत नसे. मालक राहतो कोठे, यावर त्याचे कर्तव्य अवलंबून नव्हते, आणि मला हे सर्वथा न्याय्य वाटते. कारण भाडेकरूची अडचण घराच्या ठिकाणी घडते, मालकाच्या गावी नव्हे.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने तो आदेश संपुष्टात आणला. या अधिनियमात दुसऱ्याच्या वतीने भाडे घेणाराही घरमालकच गणला जातो. तेव्हा मुखत्यारालाही पावती देणे चुकत नाही. घर नीट दुरुस्त ठेवण्याचा भार मालकावर आहे. कलम ५५ अन्वये करार लेखी करून त्याची नोंदणी करविणे हेही त्याचेच काम असून, ते न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि असा नोंदणीकृत दस्तऐवजच नसेल, तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.