"मी ओळखतो ना त्याला!"

मित्रावर आरोप झाला की मीही पटकन म्हणतो, "छे, मी ओळखतो ना त्याला!" पण मग किम फिल्बी आठवतो.

हा आपल्या अंबाल्यात जन्मलेला ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला बडा अधिकारी. १९५१ मध्ये तो रशियाचा हेर असल्याचा संशय आला, नोकरी गेली. सहकारी निकोलस एलियट मात्र मित्राच्या पाठीशी ठाम उभा राहिला. १९५६ मध्ये फिल्बीला बैरूतला पत्रकाराचं काम मिळालं, त्यातही एलियटचा हात होता. जानेवारी १९६३ मध्ये त्याच एलियटला कबुली घ्यायला बैरूत गाठावं लागलं. फिल्बीने अर्धवट कबुली दिली आणि काही दिवसांतच रशियाला पळाला. १९३४ पासून तो त्यांचाच माणूस होता!

एलियटचा अनुभव खोटा नव्हता. फक्त तो फिल्बी एलियटशी कसा वागतो, एवढंच सांगत होता. आरोप होता दुसरीकडच्या वागण्याचा. तिथे मित्राची साक्ष काय कामाची? असो. मित्राची बाजू घ्यावीच, पण चौकशीच्या आड येऊ नये.