प्रतिरक्षा, अर्भकांची व बालकांची

रोगकारक जंतू, विषाणू आणि त्यांची विषे यांच्यापासून स्वतःचे संरक्षण करण्याची शरीराची क्षमता म्हणजे प्रतिरक्षा होय. मानवात ती जन्मतः पूर्णावस्थेत नसते. जन्मानंतरचे पहिले काही महिने अर्भक मुख्यतः मातेकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवर (बाह्य पदार्थाशी निगडित होऊन त्याला निष्प्रभ करणाऱ्या रक्तातील प्रथिनांवर) विसंबून असते आणि तेवढ्या अवधीत त्याची स्वतःची यंत्रणा उभी राहत असते. ही गोष्ट आज साधी वाटत असली, तरी ती उलगडण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली व मधल्या काळातील चुकीच्या समजुतींची झळ बालकांनाच पोहोचली.

मातेला गोवर येऊन गेला असल्यास तिच्या तान्ह्या मुलास पहिले काही महिने तो सहसा होत नाही, असा जुना अनुभव होता. तथापि हे संरक्षण आनुवंशिक असते की अन्य मार्गाने येते, हे ठरविण्याचे साधन नव्हते. १८९० मध्ये एमील फोन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांना निष्प्रभ करणारा पदार्थ प्रतिकारक्षम प्राण्यांच्या रक्तरसात असतो, असे दाखविले. त्यानंतर दोनच वर्षांनी पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी मुख्य प्रश्नाला हात घातला. त्यांनी वापरलेली विषे भारतीय वाचकास परिचित अशा वनस्पतींची आहेत. गुंजेच्या बियांतील ॲब्रिन व एरंडाच्या बियांतील रिसिन ही ती विषे होत. अत्यल्प मात्रेपासून आरंभ करून व ती क्रमाने वाढवीत त्यांनी उंदरांना या विषांची सवय लावली. प्रतिकारक्षम नर व सामान्य मादी यांच्या पिलांना कोणतेच संरक्षण मिळाले नाही. प्रतिकारक्षम मादीच्या पिलांना ते मिळाले, परंतु काही आठवड्यांत ओसरले व पुढील पिढीत उतरले नाही. म्हणजे आनुवंशिकतेचा येथे संबंध नव्हता. मग एर्लिख यांनी पिलांची अदलाबदल केली. सामान्य मादीची पिले प्रतिकारक्षम मादीला पाजण्यास दिली, तेव्हा तीही विषाला दाद देईनाशी झाली. मातेचे संरक्षण गर्भावस्थेत व दुधावाटे अशा दोन्ही मार्गांनी येते आणि ते उसने असल्यामुळे संपून जाते, हे या एका साध्या योजनेतून सिद्ध झाले. सक्रिय व निष्क्रिय प्रतिरक्षा हा भेद याच काळात रूढ झाला.

मात्र उंदरावरून मानवासंबंधी सरसकट अनुमान काढता येत नाही. गायीच्या वारेतून प्रतिपिंड वासराकडे जात नाहीत. ते सर्वस्वी चिकातूनच मिळतात. थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये चीक न मिळालेली वासरे जंतुसंसर्गाने दगावतात, असे दाखविले. मानवात याच्या उलट, रक्तातील प्रतिपिंडांपैकी जी (आयजीजी) हा वर्ग वारेतून गर्भात नेला जातो आणि तोही बहुतांशी गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा वाटा यामुळेच तुटपुंजा राहतो. हे वहन झिरपण्याने होत नसून त्यासाठी विशिष्ट ग्राहक रेणू असावा, अशी कल्पना वेल्समधील फ्रान्सिस ब्रँबेल यांनी १९५८ च्या सुमारास मांडली व पुढे ती खरी ठरली. मातेच्या दुधातील प्रतिपिंडांचे कार्य निराळे आहे. ते अर्भकाच्या रक्तात फारसे शोषले जात नाहीत. आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना अटकाव करतात. दुधातील या खास प्रतिपिंडाचे वर्णन स्वीडनमधील लार्स हॅन्सन यांनी १९६१ मध्ये केले. पहिला चीक जड म्हणून टाकून देण्याची चाल भारताच्या अनेक भागांत होती. गायीच्या चिकाचा खरवस मात्र आवडीने खाल्ला जातो.

अर्भकाच्या स्वतःच्या यंत्रणेविषयीचे अज्ञान अधिक महाग पडले. छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथी जन्मसमयी शरीराच्या मानाने मोठी असते व वयात आल्यानंतर आक्रसत जाते. तिचे मराठी नाव या लोपाचेच वर्णन करते, कार्याचे नाही. कारण कार्य दीर्घकाळ कोणासच ठाऊक नव्हते. शवविच्छेदनास येणारी शरीरे बहुधा दीर्घ आजाराने मेलेल्या गरिबांची असत व त्यांतील ही ग्रंथी आजारामुळे सुकलेली असे. तेच प्रमाण सामान्य मानले गेल्याने अकस्मात मृत्यू आलेल्या धडधाकट बालकांतील ग्रंथी फाजील वाढलेली ठरली व मृत्यूचा दोष तिच्यावर आला. १९०७ पासून अमेरिकेत या ग्रंथीवर क्ष-किरणांचा मारा करण्याचा उपचार सुरू झाला व तो हजारो निरोगी बालकांवर करण्यात आला. अशा मुलांत पुढे अवटू ग्रंथीचा कर्करोग आढळतो, हे १९५० मध्ये निदर्शनास आले. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतून ही ग्रंथी काढली, तेव्हा त्यांच्या लसीका कोशिकांची संख्या घटली, परकी त्वचा त्यांच्या अंगावर टिकली व बरेचसे उंदीर काही आठवड्यांत मरण पावले. प्रौढ उंदरांत हीच शस्त्रक्रिया केल्यास तात्काळ काही दिसत नाही. ग्रंथीचे महत्त्व इतका काळ झाकून राहिले ते यामुळेच. जी निरुपयोगी मानली गेली, तीच टी-कोशिकांची जन्मभूमी निघाली.

यंत्रणेचा दुसरा भाग, म्हणजे प्रतिपिंड तयार करणारा, एका आजारी मुलामुळे प्रकाशात आला. अमेरिकन सेनादलातील डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलीन नसल्याचे नोंदविले व ते बाहेरून देऊन संसर्ग आटोक्यात आणले. अशी मुले पहिले काही महिने ठीक असतात. मातेचा साठा संपला की आजार सुरू होतात. निरोगी अर्भकातही तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हे प्रमाण नीचांकास जाते, कारण उसने प्रतिपिंड सु. तीन आठवड्यांत निम्मे होतात व स्वतःचे अद्याप पुरेसे झालेले नसतात.

उसन्या संरक्षणाचा उपयोग करून घेता येतो, तसा त्याचा अडथळाही होतो. गर्भवतीस धनुर्वाताची लस दिल्यास नवजाताचे रक्षण होते, हे न्यू गिनीत केलेल्या व १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये घोषित झाले. उलट मातेचे प्रतिपिंड गोवराच्या लशीतील सजीव विषाणूलाच निकामी करतात. अमेरिकेत ही लस १९६३ मध्ये नवव्या महिन्यासाठी संमत झाली व १९६५ मध्ये ते वय बारा महिने करण्यात आले. जेथे गोवर लवकर होतो व प्राणघातक ठरतो, तेथे इतके थांबणे परवडणारे नसते. म्हणून भारतात नऊ महिन्यांचे वय कायम ठेवून २०१० पासून दुसरी मात्रा देण्यास प्रारंभ झाला.

पीटर मेडावर व त्यांचे सहकारी यांच्या १९५३ मधील प्रयोगांवरून नवजाताची यंत्रणा परक्याला स्वकीय मानते, असा समज दृढ झाला होता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनी त्याला मुरड घातली. योग्य मात्रेत व योग्य स्वरूपात प्रतिजन दिल्यास नवजातही प्रतिसाद देतो. काही उणिवा मात्र खऱ्याच असतात. जंतूंच्या कवचातील बहुशर्करांना दोन वर्षांखालील मूल नीट प्रतिसाद देत नाही. हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी (ब प्रकार) या जंतूमुळे होणारा मस्तिष्कावरणशोथ नेमका याच वयात अधिक होतो. त्यामुळे केवळ बहुशर्करेची लस त्यांच्या कामाची नव्हती. बहुशर्करा प्रथिनाला जोडल्यावर टी-कोशिकांचे साहाय्य मिळू लागले आणि १९९० मध्ये अमेरिकेत अशी लस दोन महिन्यांच्या अर्भकांसाठी संमत झाली. भारतात ती २०११ पासून टप्प्याटप्प्याने पेंटाव्हॅलंट लशीतून सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या वयात देण्यात येऊ लागली.