अमर शेखांची टेप

मंडळी, परवा नातवाने फोनवर एक गंमत सांगितली. बॉब डिलन नावाच्या अमेरिकन कवी-गायकाची १९६६ सालची मँचेस्टरमधली मैफल लोकांनी कित्येक वर्षं चोरून प्रती काढून ऐकली. कंपनीने ती रीतसर बाजारात आणली १९९८ साली! "आबा, तुमच्याकडे होतं का हो असं काही?"

होतं. माझ्याच हातात होतं. ताई, तूही वाच, पण रागावू नकोस.

शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. गिरणीत कामाला होते, कामगारांच्या लढ्यात पडले आणि पुढे गाणं हीच त्यांची लढाई झाली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड गाजली ती यांच्या आवाजात. स्वतःही कवी. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे संग्रह. वर्गात हे सगळं मी फळ्यावर लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची. आवाज कसा होता ते मात्र फळ्यावर लिहिता येत नाही.

जुन्या ७८ च्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात पोवाडा कसला बसतो! शाहीर मधे थांबतो, दोन वाक्यं नुसती बोलतो, समोर कोण बसलंय ते बघून कडवं लांबवतो, मागचे झीलकरी सूर उचलून धरतात. हे मैदानातच घडतं. म्हणून टेप हवी ती मैदानातली.

आमच्या वाड्यात शेजारच्या काकांकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, चांगला सुटकेसएवढा. मी अकरावीत असताना काकांनी अमर शेखांचा कार्यक्रम टेप केला. माइक धरून मी पुढे बसलो होतो. हात भरून आला, पण काकांनी डोळे वटारले की पुन्हा ताठ. (शेंगदाण्याच्या पुडीचा आवाज टेपमध्ये आला म्हणून नंतर बोलणीही खाल्ली.) पुढे वर्षभर ती टेप वाड्यात वाजायची.

२९ ऑगस्ट १९६९ ला शाहीर अपघातात गेले. वय अवघं बावन्न.

ताईचं लग्न १९७३ चं. दुष्काळाचे दिवस, घरात पैशांची ओढाताण. नवा स्पूल परवडणारा नव्हता. काका गावाला गेले होते, टेपरेकॉर्डर आमच्याकडे ठेवून. मी कपाटातून तोच स्पूल काढला. यंत्रात पुसणारं हेड आधी असतं आणि नोंदणारं नंतर. नवं उमटायच्या आत जुनं गेलेलं असतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाहीर जाऊन चार वर्षं झाली होती, हेही ठाऊक होतं. तरी बटण दाबलं.

काका परत आले, त्यांनी स्पूल लावून पाहिला आणि मुकाट्याने डब्यात ठेवला. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे त्या स्पूलवरून आम्ही ताईसाठी कॅसेट करून घेतली. गेल्या दिवाळीत नातवाने ती कॉम्प्युटरवर चढवली. मंगलाष्टकं, वाजंत्री, मामांची आरडाओरड, मग खट्! इथे आम्ही सगळे नेहमी टेप बंद करायचो. नातवाने केली नाही. पुढे साधारण चाळीस सेकंद डफ, तुणतुणं, झीलकऱ्यांचा सूर, वरच्या पट्टीत चढलेली अर्धी ओळ आणि टाळ्या. लग्न लवकर आटोपलं म्हणून तेवढं वाचलं होतं.

बार्शीकरांनो, कुणाच्या माळ्यावर असा एखादा स्पूल असेल तर कळवा. आणि ताई, ती कॅसेट फेकू नकोस. मंगलाष्टकं संपली तरी चालू ठेव.