तेरावा महिना: जिनिव्हात पडला, रिचार्जमधून घरात शिरला

दर जानेवारीत एक मेसेज ग्रुपवर फिरतो. वर्षाचे १३ महिने करा, प्रत्येक महिना २८ दिवसांचा, म्हणजे दर एक तारखेला तोच वार. एवढं सोपं असताना जग हे करत का नाही, असा त्यात प्रश्न असतो. यंदाही तीन ग्रुपवर आला.

मंडळी, जगाने हे करून बघायचा चांगला नेटाने प्रयत्न केला होता. त्या गोष्टीचा आपल्या खिशाशी संबंध आहे, म्हणून लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा.

मोझेस कॉट्सवर्थ नावाचा इंग्रज रेल्वेत आकडेवारीचं काम करायचा. त्याची अडचण साधी होती. फेब्रुवारीचं उत्पन्न मार्चपेक्षा कमी दिसलं, तर धंदा खरंच कमी झाला की दिवसच तीन कमी होते? एका महिन्यात चार रविवार, दुसऱ्यात पाच. हिशेब जुळायचा कसा? १९०२ मध्ये त्याने आपली योजना मांडली. २८ दिवसांचे १३ महिने म्हणजे ३६४ दिवस. जून आणि जुलैच्या मध्ये 'सोल' नावाचा नवा महिना. उरलेला एक दिवस वर्षाच्या शेवटी सुट्टीचा, पण त्याला वारच नाही. ना रविवार, ना सोमवार.

कोडॅक कंपनीच्या जॉर्ज ईस्टमनला ही कल्पना इतकी पटली की कंपनीने १९२८ पासून आपले हिशेब १३ महिन्यांत ठेवायला सुरुवात केली. ते थेट १९८९ पर्यंत चाललं. राष्ट्रसंघाकडे कॅलेंडर बदलाच्या शंभराहून अधिक योजना आल्या आणि १९३१ मध्ये जिनिव्हात त्यावर परिषद भरली.

घोडं अडलं ते त्या बिनवाराच्या दिवसावर. ज्यू धर्मगुरूंनी कडाडून विरोध केला. दर सातव्या दिवशी शब्बाथ, हा क्रम त्यांनी हजारो वर्षं मोडू दिलेला नाही. मध्ये एक बिनवाराचा दिवस घुसला की पुढच्या वर्षी खरा सातवा दिवस सरकारी कॅलेंडरात भलत्याच वारी येणार, आणि दरवर्षी सरकत राहणार.

यात फक्त धर्माचाच प्रश्न होता असं समजू नका. आपल्या आठवडी बाजाराचा विचार करा. मंगळवारचा बाजार सात दिवसांनीच भरतो. भाजीवाला, उधारी वसूल करणारा, आठवड्याचा पगार घेणारा मजूर, सगळे त्या सातावर चालतात. महिना हा कागदावरचा हिशेब आहे, आठवडा हा पोटाचा. फ्रान्सने क्रांतीनंतर १७९३ मध्ये ३० दिवसांचे १२ सारखे महिने केले, आणि आठवडा केला दहा दिवसांचा. मजुराला सातव्याऐवजी दहाव्या दिवशी सुट्टी! १८०६ च्या १ जानेवारीला नेपोलियनने ते सगळं गुंडाळलं.

आता आपल्याकडे या. स्वतंत्र भारतात सुमारे ३० पंचांगं चालू होती. एकच सण दोन गावांत दोन दिवशी. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकरही होते. कॅलेंडरच्या समितीत एक पत्रकार होता, हे मला आमच्या धंद्यातला म्हणून आवर्जून सांगावंसं वाटतं.

समितीने सारखे महिने केले नाहीत, आणि त्याला कारण होतं. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, परतीला १७९. पृथ्वी सूर्यापासून लांब असते तेव्हा हळू चालते. म्हणून वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० चे, चैत्र ३० चा आणि लीप वर्षी ३१ चा. २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ म्हणून हे कॅलेंडर लागू झालं. आज ते राजपत्रावर आणि आकाशवाणीवर आहे, आपल्या भिंतीवर फारसं नाही.

गंमत म्हणजे त्याच काळात, १९५३ मध्ये, भारतानेच संयुक्त राष्ट्रांत जागतिक कॅलेंडरचा प्रस्ताव मांडला होता. १२ महिनेच, पण प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची. त्यातही तो बिनवाराचा दिवस होताच. १९५५ मध्ये अमेरिकेने धार्मिक विरोधाचं कारण देऊन नकार कळवला. फेब्रुवारी १९५६ मध्ये साहा गेले आणि एप्रिलमध्ये प्रस्ताव बेमुदत पुढे ढकलला गेला.

म्हणजे सारख्या महिन्यांचं कॅलेंडर जगात हरलं. पण चर्चा होऊन हरलं. परिषद भरली, हरकती ऐकल्या, सरकारांनी उत्तरं दिली.

आता तुमचा मोबाईल बघा. रिचार्ज किती दिवसांचा? २८. वर्षात किती वेळा मारता? २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. कॉट्सवर्थचं कॅलेंडर जिनिव्हात पडलं आणि आपल्या खिशात चालू झालं! ८४ दिवसांचे चार मारले तरी वर्षाचे २९ दिवस उरतातच. पगार मात्र १२, घरभाडं १२, शाळेची फी १२ महिन्यांच्या हिशेबाने. तेरावा महिना फक्त खर्चाच्या बाजूला. यासाठी कुठली परिषद भरली? कुणाला विचारलं?

ओरड झाल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवावा. तो प्लॅन आहे. पण आमच्या स्टँडवरच्या दुकानांत मी विचारत फिरलो, तर बोर्डावर तो कुठे दिसला नाही. मागितल्यावर एका दुकानदाराने यादीत शोधून काढला.

माझं म्हणणं इतकंच आहे. सारखे महिने वाईट नाहीत, हिशेबाला चांगलेच आहेत. पण करायचे तर पगारालाही करा, भाड्यालाही करा, उघडपणे चर्चा करून करा. तोवर महिना म्हणजे एक तारीख ते पुढची एक तारीख. पुढच्या रिचार्जला दुकानदाराला 'महिन्याचा द्या' म्हणा आणि २८ चा काढला तर कारण विचारा.

तुमच्याकडे कुणाला तारखेचा प्लॅन बोर्डावर दिसलाय का? गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. यादी करतो आणि पाठपुरावा करतो.