घाण्यामागे पळीभर तेल

कड्याच्या महाविद्यालयातील मुले घरी सोडवावयाचे प्रश्न घेऊन येतात, तेव्हा हे नव्या शिक्षणाचे ओझे आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ही रीत फार जुनी आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. आपले गाव ते विज्जडविड असे सांगतात. ते बीडच, असे काही अभ्यासक मानतात. काही चाळीसगावजवळच्या पाटणचा पक्ष घेतात. त्यांच्या ‘लीलावती’त नियमामागोमाग प्रश्न येतो. शंभरावर महिन्याला ५ व्याज, तर १६ वर वर्षाचे किती? उत्तर, ९ पूर्णांक ३ पंचमांश. सावकारी, अदलाबदल, धान्याची रास, सारे तेथे आहे. ‘गोलाध्याया’त तर खगोलाचा स्वतंत्र प्रश्नाध्यायच आहे.

परंतु हे प्रश्न सोडवीत बसणाऱ्यांना पोसले कोणी? पाटणचा १२०७ चा शिलालेख याचे उत्तर देतो. डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला. निकुंभ सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाच्या मराठी भागात पेठेतील व्यवहारावरची आकारणी आणि घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिले आहे. ज्याला त्रैराशिक ठाऊक नव्हते, त्या तेल्याचाही त्या विद्येत वाटा होता.

मुलांचे प्रश्न आपल्याला सुटणार नाहीत. सुटले तरी आपण सोडवू नयेत. त्यांना निवांत कोपरा, वेळ आणि पुस्तक द्यावे. गावाने द्यावयाचे पळीभर तेल ते हेच.