पुण्याचा एक कागद आणि आमची गल्ली

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या लातूरच्या घरी संध्याकाळचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. दिल्लीहून आरोग्य खात्याची पत्रकार परिषद लागली की आई गवार निवडायला टीव्हीसमोर बसायची. बाकीचे अधिकारी बोलत असताना तिचे हात चालू असायचे. आयसीएमआरचे डॉक्टर बोलायला लागले की थांबायचे. "गंगाखेडकर. जनाबाईच्या गावचं आडनाव आहे," ती म्हणायची. तेवढ्यावर तिचा त्या माणसावर विश्वास बसला होता. आकड्यांपेक्षा आडनावावर विश्वास ठेवायची आपली जुनीच खोड, असो.

जूनअखेर डॉ. रमण गंगाखेडकर निवृत्त झाले आणि टीव्हीवर दिसेनासे झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. आईनं विचारलं, "हे करोनाच्या आधी काय करत होते गं?" मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून नेटवर शोधायला बसले आणि एका जुन्या शोधनिबंधापाशी येऊन अडकले. हे लिहायचं कारण तो निबंध. आणि आमच्या गल्लीतल्या वहिनी.

आधी निबंधाबद्दल. १९९२ साली पुण्याजवळ भोसरीला नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे नारी, सुरू झाली (आता तिचं नाव बदललं आहे, पण जुनी माणसं नारीच म्हणतात). तिथल्या डॉक्टरांनी मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची तपासणी केली. त्यातल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या, उरलेल्या ३९१ नव्हत्या. या ३९१ म्हणजे बहुतेक घरच्या बायका. लग्न झालेल्या, एका नवऱ्यापलीकडे कुणी नसलेल्या. पहिल्या गटात निम्म्या बायकांना एचआयव्ही निघाला, ४९.९ टक्के. तो आकडा अपेक्षेतला होता. दुसऱ्या गटात निघाला १३.६ टक्के. दर सात-आठ बायकांमागे एक. आणि त्यांना धोका कुठून, तर नवऱ्याकडून, दुसरीकडून कुठूनही नाही.

इथं एक सावधगिरीचं वाक्य लिहायला हवं. या बायका आधीच आजार घेऊन दवाखान्यात आल्या होत्या, त्यामुळे हा १३.६ चा आकडा पुण्यातल्या सगळ्या गृहिणींचा नाही. तसं वाचलं तर चुकेल. पण लग्नाच्या घरात, सरळ चाललेल्या बाईकडे हा रोग कसा येतो, ते त्यानं आकड्यात दाखवलं. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये तो छापून आला. पहिलं नाव गंगाखेडकरांचं. पुढच्या नावांत मेहेंदळे, दिवेकर, गडकरी अशी आपली आडनावं, आणि अमेरिकेतले बोलिंजर आणि क्विन. क्विन हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तोपर्यंत एड्सबद्दलचं सगळं बोलणं "धोक्याचे गट" या शब्दांनी व्हायचं. वेश्यावस्ती, ट्रकवाले, नशा करणारे. भिंतींवरच्या घोषणाही त्यांच्यासाठीच. हा निबंध सांगत होता की ज्या बाईला तुम्ही सुरक्षित समजता, तिला लग्न हाच धोका आहे, आणि निरोध वापरा म्हणून सांगितलं तरी ती नवऱ्याला ते कुठल्या तोंडानं म्हणणार?

आता वहिनी. खऱ्या नात्याच्या नव्हेत, गल्लीच्या. त्यांचे यजमान ट्रकवर होते. लातूरहून तुरीची डाळ घेऊन मुंबईला, कधी हैदराबादला. आले की आम्हा पोरांना मुंबईची बिस्किटं. वहिनी मुखेड तालुक्यातल्या, बोलायला मोकळ्या, आमच्या वट्ट्यावर बसून शेवया वळणाऱ्या. १९९८ च्या श्रावणात यजमान गेले. खोकला, हगवण, वाळत वाळत गेले. लोक टीबी म्हणाले. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नाही. नंतर वहिनींना ताप यायला लागला तेव्हा एका दवाखान्यात त्यांचं तपासलं, आणि घरात तो कागद आला.

त्या कागदावर नाव एकटीचंच होतं. नवऱ्याचा कागद कुठं होता? त्यामुळे सासरच्यांचा हिशोब सोपा झाला. जिच्या नावाचा रिपोर्ट, तिनंच आणलं. "हिनंच लेकराला खाल्लं," असं सासू भर गल्लीत म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. मी तेव्हा बारावीला होते, जीवशास्त्रात चांगले मार्क पडायचे. तरी वहिनींच्या घरी पाण्याचा तांब्या पुढं आला तेव्हा "आत्ताच पिऊन आले" म्हणाले. आईनं आमच्याकडचा त्यांचा कप वेगळा ठेवला. दिवाळीच्या आत भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला.

पुण्याचा निबंध छापून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लातूरपासून पुणं काही साडेतीनशे किलोमीटरच्या वर नाही. पण तो कागद आधी अमेरिकेला गेला, आणि आमच्या गल्लीत यायला त्याला २०२० उजाडलं.

शोधता शोधता आणखी एक गोष्ट सापडली, जी आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसावी. भारतात हा विषाणू आहे हे पहिल्यांदा सिद्ध केलं ते १९८६ मध्ये चेन्नईत, मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे! चेन्नईत चामड्याचा व्यापार करणारं मराठी घर. निर्मलानं देहविक्रय करणाऱ्या बायकांचे रक्ताचे नमुने गोळा केले, रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला नेले, आणि त्यातले सहा निघाले. भारतीय संस्कृतीत असले रोग होत नाहीत असं म्हणणाऱ्यांची तोंडं काही दिवस बंद झाली. नंतर बाईंनी सरकारी नोकरी सोडली आणि १९९३ मध्ये स्वतःची संस्था काढली, तिला वडलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं, नाव दिलं. पुढे बाधित मुलामुलींची आपसात लग्नं जुळवण्याचं कामही त्या करायच्या. २०१५ मध्ये त्या गेल्या, पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, गेल्यावर. त्यांच्याही दवाखान्यात येणाऱ्या बायका बहुतेक गृहिणीच निघाल्या, आयुष्यात एकच पुरुष पाहिलेल्या.

आणि आता थेट आफ्रिका. युगांडात व्हिक्टोरिया तळ्याकाठी, राकाई आणि मसाका भागात, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माणसं वाळून मरायला लागली. लोक त्याला "स्लिम" म्हणायचे, म्हणजे वाळका रोग. कुणी म्हणे पलीकडच्या टांझानियाच्या व्यापाऱ्यांनी करणी केली. (करणी म्हटल्यावर मला आमचीच गल्ली आठवली.) १९८५ मध्ये लॅन्सेटमध्ये या रोगावर निबंध आला. पहिलं नाव डेव्हिड सेरवड्डा, तरुण युगांडी डॉक्टर. बरोबर रॉय मुगेरवा, नेल्सन सेवानकाम्बो. देशात तेव्हा यादवी चालू होती, आणि बाहेर जाऊ शकणारा डॉक्टर बाहेर जात होता. सेरवड्डा आणि सेवानकाम्बो यांनी काम तिथंच ठेवलं. १९८८ पासून राकाईच्या खेड्यांतून घरोघर जाऊन लोकांची पाहणी सुरू झाली, ती वर्षानुवर्षं चालली. एक पुढे मकेरेरे विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य शाखेचा डीन झाला, दुसरा वैद्यकीय शाखेचा.

घरोघर जाण्यातून काय निघालं? २००० साली राकाईतल्या ४१५ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडप्यातला एक बाधित, दुसरा नाही. बाधिताच्या रक्तात विषाणू जितका कमी, तितकी जोडीदाराला लागण कमी, आणि एका मर्यादेखाली तर एकही लागण नाही. त्या निबंधावर पहिलं नाव थॉमस क्विन यांचं, म्हणजे पुण्याच्या निबंधातलेच ते क्विन. मागे सेवानकाम्बो आणि सेरवड्डा. थोडं खटकलं, खोटं कशाला बोलू. खेडी राकाईची, दारं ठोठावणारी माणसं राकाईची. पण त्याच क्विननी पुण्याच्या निबंधात आपलं नाव शेवटी आणि गंगाखेडकरांचं पहिलं राहू दिलं होतं, हेही खरं. (शेवटचं नाव म्हणजे वडीलधाऱ्याचा मान, असं एका डॉक्टर भाचीनं मला समजावलंय. तरी.)

मग प्रश्न राहिला औषधाचा. विषाणू कमी करणाऱ्या गोळ्या होत्या, पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर कोण देणार? २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात तिन्ही औषधं देऊ केली. त्याच सुमारास कंपालाच्या डॉ. पीटर मुग्येनी यांनी पेटंटच्या धमक्यांना न जुमानता सिप्लाच्या गोळ्या युगांडात मागवल्या. मुंबईच्या गोळ्या कंपालाला आधी पोहोचल्या. आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ रोजी. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

राकाईत जे दिसलं होतं त्याची पक्की परीक्षा २०११ मध्ये झाली. नऊ देशांतली १७६३ जोडपी, त्यात आफ्रिकेतले पाच देश, आणि भारतातली दोन ठिकाणं: पुण्याची नारी आणि चेन्नईची गायतोंडे संस्था. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं निघालं. म्हणजे १९९३ मध्ये पुण्याच्या दवाखान्यात ज्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या नवऱ्यांना वेळेत गोळ्या मिळाल्या असत्या तर... पण तेव्हा त्या गोळ्याच नव्हत्या.

आपल्या जिल्ह्यातही गोष्ट संपली नव्हती. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये बाधित लेकरांसाठी सेवालय सुरू केलं, तेव्हा त्या लेकरांच्या शाळेवरून काय काय झालं ते लातूरकरांना आठवत असेल.

वहिनी आहेत. हे मला आधी सांगायला हवं होतं, कारण आत्या हे वाचतेय आणि ती नक्की फोन करून विचारणार. मधली पाच-सहा वर्षं फार वाईट गेली. मोफत औषध आलं तेव्हा भावानं गाडीखर्च करून नांदेडला नेऊन नाव घातलं. तेव्हापासून रोजची गोळी चुकलेली नाही. शिलाई करतात, भाच्यांच्या लग्नात मिरवतात. लॉकडाऊन उठल्यावर मी आणि आई मुखेडकडं गेलो होतो. आईनं जाताना शेवया घेतल्या होत्या, त्यांच्याकडूनच शिकलेल्या.

चहा झाल्यावर मी मोबाईलवर तो निबंध उघडला आणि त्यांना मराठीत समजावून सांगितला. तुमचा रिपोर्ट यायच्या आधीच पुण्याच्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं होतं, बाईकडे हे नवऱ्याकडून येतं म्हणून. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. निदान सासूची आठवण निघेल. तसं काही झालं नाही. त्या बराच वेळ त्या न कळणाऱ्या इंग्रजी अक्षरांकडे बघत होत्या.

"किती बाया म्हणलीस?"

"तीनशे एक्याण्णव. त्यातल्या पन्नासच्या वर निघाल्या."

"अन् गोळी कधी आली म्हणं?"

"दोन हजार चार."

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मंग त्या पन्नास जणी कुठं हायेत आता?"

आई कप उचलायला उठली.