नाक्यावरची तपासणी आणि घरातला पहारेकरी

आलापल्लीच्या जंगलातून बल्लारपूरकडे सागवान घेऊन निघालेला ट्रक वन तपासणी नाक्यावर थांबतो. तिथे दोन गोष्टी पाहिल्या जातात : ओंडक्यांवर हातोड्याने उमटवलेली खूण आणि चालकाजवळचा वाहतूक परवाना. दोन्ही जुळले की अडसर वर जातो. ही व्यवस्था जुनी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातले कलम ४१ वनोपजाच्या वाहतुकीसाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला देते आणि कलम ६३ प्रमाणे लाकडावरची खोटी खूण हा गुन्हा ठरतो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

नाक्यावर तपासला जातो तो रस्त्यावरचा माल. चालकाच्या घरातले कपाट तिथे कोणी उघडत नाही. घरझडती ही निराळी गोष्ट, तिला निराळे कारण लागते. ‘या मालाचा परवाना आहे का?’ हा एक प्रश्न झाला आणि ‘तुमच्या घरात आणखी काय काय आहे?’ हा दुसरा. संगणकाच्या आज्ञावल्यांची चोरी आणि खेळातली लबाडी रोखण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत जे उपाय झाले, ते पहिल्या प्रश्नाकडून हळूहळू दुसऱ्याकडे कसे सरकले, ते आपण पाहू.

फ्लॉपीचे दिवस

घरगुती संगणक आले तेव्हा आज्ञावली फ्लॉपीवर मिळे, आणि फ्लॉपीची नक्कल करणे हे पाच मिनिटांचे काम होते. महिनोन्‌महिने खपून आज्ञावली लिहिणाऱ्याच्या पदरी त्यामुळे काहीच पडत नसे. त्याची तक्रार खोटी नव्हती.

या तक्रारीतूनच एक विचित्र प्रकरण घडले. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा कार्यक्रम फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, जाऊन बसे. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरप्रतींचा माग काढण्यासाठी तो लिहिला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. पण फ्लॉपी हातोहात फिरल्या आणि ज्यांनी त्यांची आज्ञावली कधी पाहिलीही नव्हती त्यांच्या संगणकांतही ‘ब्रेन’ पोचला. आयबीएम पीसीवरचा पहिला विषाणू म्हणून आज तो ओळखला जातो. चोर पकडायला सोडलेली गोष्ट सज्जनांच्या घरातही शिरते, हा धडा पहिल्याच प्रसंगात मिळाला होता. अशा विषाणूंचा भारतात सुळसुळाट झाला, तेव्हा पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ ही विषाणूनाशक आज्ञावली तयार केली.

मराठी अक्षरांचे कुलूप

त्याच काळात लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका आणि दिवाळी अंक संगणकावर जुळू लागले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची ‘श्रीलिपी’ ही या कामातली परिचित आज्ञावली. देवनागरीची जोडाक्षरे, रफार, मात्रा यांची शेकडो चिन्हे एकेक करून रेखाटावी लागतात. मराठीची बाजारपेठ इंग्रजीच्या मानाने लहान, त्यातून चोरप्रती निघाल्या तर हा खर्च भरून निघणे कठीण. म्हणून अशा आज्ञावलीबरोबर एक छोटी डबी मिळे आणि ती संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या खोबणीत बसवावी लागे. छापखान्यातले लोक तिला नुसते ‘लॉक’ म्हणत.

तिचे काम सोपे होते. आज्ञावली मधूनमधून डबीला एक संख्या पाठवी. डबीने ठरलेले उत्तर दिले तर काम पुढे चाले, नाही तर थांबे. डबी हरवली किंवा बिघडली तर पैसे मोजून घेणाऱ्याचेही काम अडे, हा तिचा मोठा दोष. पण छापखान्याच्या संगणकात आणखी कोणाची पत्रे आहेत, हे ती विचारत नसे. ‘किल्ली आहे का?’ एवढाच तिचा प्रश्न होता. तेव्हा हे उपकरण आपल्या नाक्यासारखेच होते.

पहारेकरी घरात येतो

पुढचा बदल समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट पाहू. डॉस या जुन्या प्रणालीत कोणतीही आज्ञावली संगणकात काहीही करू शके. नंतरच्या प्रणालींनी अधिकारांच्या पायऱ्या पाडल्या. खेळ, पत्रलेखन, हिशेब हे सर्व खालच्या पायरीवर असतात. स्मृती, चकती आणि कळफलक यांचा कारभार पाहणारा गाभा, म्हणजे कर्नल, वरच्या पायरीवर असतो. तिथे बसलेल्या आज्ञावलीला सगळे दिसते, आणि वाटल्यास ती स्वतःला लपवूही शकते.

ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस अमेरिकन संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांना स्वतःच्या संगणकात अशी लपलेली आज्ञावली सापडली. ती सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या सीडीतून आली होती. नक्कल रोखणे हा तिचा हेतू. ती गाभ्यात शिरे, आणि ठरावीक चिन्हांनी सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल वापरणाऱ्याच्या नजरेआड करी. ‘कोणतीही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काही दिवसांतच विषाणू लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तशीच नावे देऊन त्या आडोशाचा फायदा घेतला. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या.

त्याच वर्षी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या ‘वॉर्डन’ नावाच्या राखणदारावर वाद पेटला. खेळात लबाडी करणाऱ्या आज्ञावल्या शोधणे हे त्याचे काम. ग्रेग होगलंड या अभ्यासकाने दाखवले की, तो संगणकावर उघड्या असलेल्या प्रत्येक खिडकीचे शीर्षक वाचतो, गणिती रीतीने त्याचा ठसा काढतो आणि लबाड आज्ञावल्यांच्या ठशांशी ताडून पाहतो. कंपनीचे म्हणणे होते की आम्ही खाजगी माहिती गोळा करत नाही. पण ठसा काढण्यासाठी शीर्षक आधी वाचावेच लागते, आणि शीर्षकात पत्राचा विषय किंवा बँकेचे नाव असू शकते. गंमत अशी की, खेळातल्या काही लबाडांनी आपली साधने ‘वॉर्डन’पासून लपवण्यासाठी सोनीच्याच आडोशाचा उपयोग केला. एका पहारेकऱ्याने बांधलेल्या भिंतीमागे दुसऱ्या पहारेकऱ्याचा चोर लपला!

लबाडी करणारे गाभ्यात उतरले, तसे त्यांच्यामागे राखणदारही उतरले. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’ खेळाचा ‘व्हॅनगार्ड’ खेळ चालू नसतानाही, संगणक सुरू होताक्षणी जागा होई, म्हणून त्यावर टीका झाली. प्रामाणिक खेळाडूचा डाव लबाडाने नासवू नये ही अपेक्षा रास्तच आहे. पण वरच्या पायरीवर ठेवलेल्या प्रत्येक आज्ञावलीतील चूक महाग पडते. ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या खेळाच्या राखणदाराचा एक भाग २०२२ मध्ये खंडणीखोर गुन्हेगारांनी उचलला आणि विषाणूनाशके बंद पाडण्यासाठी वापरला. त्यासाठी तो खेळ त्या संगणकावर असण्याचीही गरज नव्हती.

घरातला संगणक बहुधा एकट्याचा नसतो. मुलगा ज्यावर खेळतो त्यावरच वडिलांचा सातबारा, आईचे बँकेचे कागद आणि बहिणीचे अर्ज असतात. राखणदाराच्या अटींना ‘मान्य’ म्हणतो एकटा मुलगा, दार उघडते ते सगळ्या घराचे.

कायदा आणि परवान्याचे पुस्तक

आपल्या कायद्याने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने नक्कलरोधक योजना मोडणे हा त्याने गुन्हा ठरतो. मात्र त्याच कलमात काही अपवाद आहेत. त्यांतला एक असा की, वापरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी किंवा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी असलेली योजना चुकवायला आवश्यक ती कृती गुन्हा होत नाही. म्हणजे कुलूप आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्यानेच मान्य केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

शेवटी पुन्हा जंगलाकडे वळू. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही गावाला बांबू बाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वन खात्याकडे होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. परवाना उरलाच, नियमही उरले. बदलले एवढेच की, परवाना लिहिणारा हात मालकाचा झाला.

आपल्या घरातल्या संगणकाबाबतही प्रश्न हाच आहे. वर्गात विद्यार्थ्यांना त्यांच्या ओळखीचा एखादा खेळ किंवा ॲप घेऊन तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात : तो कोणकोणत्या परवानग्या मागतो? त्यांतल्या किती त्याच्या कामाला खरोखर लागतात? आणि आपण ‘नको’ म्हटले तर तो काय करतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती आहे, ते मुलांना आपोआप समजेल.